मोरी पाहणारी सभापती

गिरजाताई गेल्याचं सांगायला त्यांचा मुलगा अशोक सकाळी स्कूटरवरून गंगापूर रोडला आला, तेव्हा मी शाळेत निघायच्या गडबडीत होते. ओझरच्या कारखान्यातली पहिली पाळी टाकून तो आला होता, अंगावर कामावरचाच शर्ट. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला आणि दारातच उभा राहिला. मी त्याला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. अशा वेळी माणसाच्या मनात काय यावं याला काही धरबंध नसतो. माझ्या मनात आलं, आता लोकांच्या मोऱ्या कोण बघणार?... मग त्या विचाराची लाज वाटली, आणि मग रडू आलं.

या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले. पुरवणीसाठी लिहा, त्यांच्या सामाजिक कार्याविषयी लिहा, असा निरोप आला. 'सामाजिक कार्य' हे शब्द ऐकले असते तर गिरजाताई पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्या कार्यापेक्षा त्यांचं कुतूहलच जास्त होतं. माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. शेजारणीने कुकर उघडला की आत काय शिजलंय ते मला भिंतीपलीकडून कळतं, अशी घरात माझी थट्टा होते. पण या बाईने एक गोष्ट का केली, हे पंधरा वर्षांत मला त्यांच्याकडून काढून घेता आलं नाही. ती गोष्ट काय, हे सांगायचं तर मला माझंच एक उणं उघडं करावं लागणार आहे.

लग्न होऊन मी द्वारकेच्या मागच्या गल्लीत राहायला आले, तेव्हा नाशिकला नगरपालिका होती. मी पालिकेच्याच शाळेत शिक्षिका. गल्लीत चाळीसेक घरं. निम्मी बौद्ध, काही मुसलमान, बाकी आमच्यासारखी इकडून तिकडून आलेली. आणि या सगळ्यांना मिळून कोपऱ्यावर एक नळ. तो पहाटे यायचा, करंगळीएवढ्या धारेने, आणि उजाडता उजाडता जायचा. माझ्या घराला लागून गिरजाताईंचं घर. नवरा अशोक लहान असतानाच गेलेला. त्या घरी विड्या वळायच्या. तंबाखूने त्यांची बोटं कायम पिवळसर असत. विडीचं पान वळण्याआधी भिजवावं लागतं, म्हणजे त्यांच्या पोटापाण्याचा धंदाही त्या नळावरच अवलंबून. समोर रशीदाबी. तिच्या नवऱ्याचा द्वारकेवर टांगा होता. त्यामुळे रशीदाबीला माणसांशिवाय एका घोड्याचंही पाणी भरावं लागे. नळावर तिची बादली पुढे सरकली की बायका ओरडायच्या, "घोड्याचा नंबर शेवटी!" मग भांडण ठरलेलं.

हे भांडण गिरजाताईंनी मिटवलं आणि त्यातून मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांनी घोड्याला नंबर देऊन टाकला. चाळीस घरं, एकेचाळिसावा घोडा. आज जो पहिला तो उद्या शेवटी. "मग येक दिस घोडा बी पयला येईल की!" कोणीतरी चिडून म्हणालं. "येऊ दे की," गिरजाताई म्हणाल्या, "घोड्यावर चार माणसं जेवत्यात. तुझा नवरा किती जेवू घालतो?" बायका हसल्या आणि प्रश्न सुटला. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई. आवाज चढवत नव्हती, भाषण देत नव्हती. माझं कुतूहल तिथेच जागं झालं.

पुढे पुढे संध्याकाळी त्या विड्यांचं सूप घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसू लागल्या. त्या सांगायच्या, मी लिहायचे. गल्लीतली सगळी पत्रं, सगळे अर्ज माझ्या हातचे. माझं अक्षर टपोरं, शाळेत फळ्यावर लिहून लिहून घोटलेलं. ते गल्लीत पोराटोरांनाही ओळखू यायचं. मात्र अर्जाखाली मी कधी सही केली नाही. नोकरी पालिकेची, अर्ज पालिकेविरुद्ध. बदली करून टाकतील कुठल्या कुठे, असं माझ्या घरचे म्हणत आणि मलाही ते पटे. गिरजाताईंनीही कधी 'तुम्ही सही करा' म्हटलं नाही. अर्ज लिहून झाला की मी खाली मोठी जागा सोडायचे. तिथे बायका सह्या करायच्या, अंगठे उठवायच्या.

असे पाचसहा अर्ज, दोन वेळा कचेरीच्या पायऱ्यांवर ठिय्या, आणि मग एकदाचं पालिकेचं पत्र आलं. गल्लीत पाण्याची टंचाई आहे किंवा कसे, याची प्रत्यक्ष पाहणी करायला ओव्हरसियर साहेब येत्या गुरुवारी सकाळी येतील. पत्र मीच वाचून दाखवलं. आणि त्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर बसून मी गिरजाताईंना माझा सल्ला दिला. साहेब पहिल्यांदा गल्लीत येतोय. गल्ली स्वच्छ दिसली पाहिजे. सडा-सारवण करा, दारापुढे रांगोळी काढा, हंडे-कळशा चिंचेने घासून, भरून, दारात ओळीने मांडा. आपण गलिच्छ माणसं नाही, हे त्याला दिसू दे, म्हणजे त्याला आपल्याविषयी आदर वाटेल.

गिरजाताईंनी विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता माझ्याकडे पाहिलं. "बाई, पाणी नाय म्हनून बोलावलं ना त्याला?"

"म्हणून काय पाहुणा आल्यावर रिकामी भांडी दाखवायची?" मी म्हणाले.

त्यांनी दोऱ्याची गाठ मारली आणि म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या. तुमचं खरं." त्यांना रांगोळी येत नव्हती म्हणून मी शाळेच्या वहीतल्या चौकटीच्या कागदावर ठिपके मांडून दिले आणि खाली लिहिलं, 'पाच ठिपके पाच ओळी, आडवे-उभे जोडा.' तो कागद आणि रांगोळीचा डबा घेऊन त्या घरोघर गेल्या. मला गुरुवारी सकाळची शाळा. मी कुठेच गेले नाही, कोणाला काही सांगितलं नाही. निरोप सगळा गिरजाताईंच्या तोंडून.

बुधवारी दिवसभर गल्लीतल्या बायका मैलभर लांबच्या एका मळ्यातल्या विहिरीवरून पाणी वाहत होत्या. गिरजाताईंनी एकट्यांनी सात खेपा केल्या. गुरुवारी गल्ली अशी दिसत होती की जणू कोणाचं लग्न आहे. रशीदाबीच्या दारातसुद्धा पाच ठिपक्यांची रांगोळी! चाळीस दारांत लखलखीत, काठोकाठ भरलेले हंडे. मी शाळेत असताना ओव्हरसियर आले. पाहुणा म्हणून प्रत्येक घराने त्यांना पाणी दिलं, मग चहा, कोणाकडे पोहे. ते दोन पेले पाणी प्यायले आणि म्हणाले, "छान आहे हो पाणी, गोड आहे." बायकांनी माना डोलावल्या. पाणी विहिरीचं आहे हे सांगायचं भानच कोणाला राहिलं नाही, किंवा पाहुण्यासमोर कसं बोलायचं म्हणून राहून गेलं.

महिन्याभराने उत्तर आलं. पाहणीत प्रत्येक घरी पाण्याचा पुरेसा साठा आढळला, सबब नवीन जोडणीची आवश्यकता दिसत नाही.

ते पत्रही मीच वाचून दाखवलं. बुद्धविहाराच्या ओट्यावर सगळी गल्ली जमली होती. एकदम आगडोंब उसळला. कोणाच्या डोक्यातली ही अक्कल? कशाला भरायला लावले हंडे? दोन वर्षांची मेहनत पाण्यात! मी उभी होते, हातात ते पत्र. मी म्हणायला हवं होतं, मी सांगितलं. एक वाक्य, त्यात कितीसे शब्द?... तेवढ्यात गिरजाताई उठल्या. "माझी चूक," त्या म्हणाल्या. "मीच सांगितलं. शिव्या द्यायच्या त्या मला द्या." आणि लोकांनी दिल्या. एका म्हातारीने तर तोंडावर म्हटलं, "आली मोठी पुढारीण!" गिरजाताईंनी मान खाली घातली. मी पत्राची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, असं का केलंत? त्या म्हणाल्या, "पानं भिजत घातलीत, उठते आता." त्यानंतर अनेक वेळा, अनेक तऱ्हांनी विचारलं. दर वेळी काहीतरी निमित्त. शेवटी मीही विचारायचं सोडून दिलं, पण मनातून प्रश्न गेला नाही. राग आला असेल का? कीव केली असेल का माझी?

त्या आठवड्यापासून त्यांच्यात एक नवीन खोड आली, ती जन्मभर टिकली. कोणाकडेही गेल्या की त्या पुढल्या दाराने जायच्या नाहीत. न सांगता, मागल्या बाजूने, थेट मोरीशी. वाकायच्या आणि मोरीच्या भिंतीला तळहात लावायच्या. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला मोरी कोरडी असेल तर त्या घरात पाणी नाही, मग पुढे भरलेला हंडा असो की पिंप. "हंडा खोटं बोलंल," त्या म्हणायच्या, "मोरी नाय बोलत." पाणी मात्र कोणाचं कधी नाकारलं नाही. नाकारणं म्हणजे अपमान. "अर्धा द्या," म्हणायच्या आणि तो अर्धा पेला उभ्याने पिऊन निघायच्या. आमच्या गल्लीपासून सुरुवात केली, मग शेजारची, मग त्यापलीकडची. त्या फिरून यायच्या, मी लिहून घ्यायचे. अमक्या वस्तीत इतक्या मोऱ्या कोरड्या. अर्ज आता नुसतं रडगाणं राहिले नव्हते.

पालिकेची निवडणूक आली तेव्हा आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याने त्यांना उभं केलं. गरीब आहे, विधवा आहे, सांगू तिथे सही करील, असा त्याचा हिशेब. बिचारा! गिरजाताईंनी प्रचारात एक पत्रक काढलं नाही. ज्यांच्या मोऱ्यांना हात लावला होता त्या बायका मत देऊन आल्या, एवढंच. निवडून आल्यावर दर सभेच्या आधी त्या विषयपत्रिका घेऊन माझ्याकडे यायच्या. मी एकेक विषय वाचायचे, त्या डोळे मिटून ऐकायच्या. दोनदा ऐकलं की पाठ.

मी प्रेक्षकांत बसून त्यांची एक सभा पाहिली आहे. शाळेतून अर्धी रजा काढून गेले होते, निव्वळ कुतूहल. एक इंजिनिअर उभे राहून सांगत होते की अमुक भागाला रोज दोन तास पाणी मिळतं. गिरजाताईंनी हात वर केला. "साहेब, तुम्ही तिथल्या मोऱ्या बघितल्या का?" सभागृहात खसखस पिकली. एक जण मोठ्याने म्हणाला, "बाई, ही पालिका आहे, न्हाणीघर नाही." गिरजाताई उभ्याच राहिल्या. सगळ्यांचं हसून होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "झालं का हसून? मग चला." आणि खरोखरच इंजिनिअरना जीपमध्ये बसवून घेऊन गेल्या. पंचवीस घरं पाहिली. परत आल्यावर ते गृहस्थ कोणाकडे न बघता आपल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "माहिती दुरुस्त करून देतो."

यथावकाश त्या पाणीपुरवठा समितीच्या सभापती झाल्या. नगराध्यक्ष परगावी गेले असताना काही दिवस त्यांच्या जागीही काम पाहिलं. विडीच्या तंबाखूने पिवळी झालेली ती बोटं शहराच्या कागदांवर सही करू लागली, आणि ती सही करायला मीच त्यांना गिरवून शिकवलं होतं याचा मला कोण अभिमान! कामाची पद्धत तीच. कोरड्या मोऱ्यांची यादी, जिथे जास्त कोरड्या तिथे आधी नळ. त्या यादीत आमची गल्ली सातवी होती. गल्ली पुन्हा चिडली. सभापती आपली आणि नंबर सातवा? गिरजाताई म्हणाल्या, "घोड्याला नंबर दिला तवा गोड वाटलं ना समद्यांना?" सातवा म्हणजे सातवाच. नळ आले तेव्हा उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावर वाद नको, म्हणून त्यांनी पहिली बादली रशीदाबीच्या घोड्यापुढे ठेवली. फोटोग्राफर आला होता. त्याने घोड्याचा फोटो काढला की नाही, मला माहीत नाही.

तोवर मी गंगापूर रोडला राहायला आले होते. घर बघायला गिरजाताई आल्या, अर्थातच मागल्या जिन्याने. न्हाणीघराच्या भिंतीला हात लावला. नळ ठिबकत होता, भिंत पाझरत होती. "बाई, तुमच्याकडं तर गंगाच हाय," त्या हसून म्हणाल्या. मला त्यांचा तळहात पाहवेना. दर वेळी तो हात भिंतीला लागला की मला वाटायचं, या बाईला माझी ती चूक आठवत असणार. त्या दिवशी बोलायचंच असं ठरवलं होतं... आणि चहा टाकला.

पुढे पालिकेची महापालिका झाली, प्रशासक आले, लोकांनी निवडलेली सभा गेली. गिरजाताईंची खुर्ची गेली, फिरणं नाही. "पद गेलंय, हात थोडाच गेलाय?" म्हणायच्या. आजारी पडल्यावर मी भेटायला गेले ती शेवटची भेट. खाटेवरून मला म्हणाल्या, "कालव्याकडं नवी वस्ती झालीय म्हनं. जाऊन या येकदा." मी हो म्हणाले. गेले नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्याच विहाराच्या ओट्यावर माणूस मावत नव्हता. एकेक जण उठून आठवणी सांगत होता. आणि हंड्यांची गोष्ट निघणार, हे मला ठाऊक होतं. ती निघाली. एका तरुण कार्यकर्त्याने ती फार छान रंगवून सांगितली. ताईंनी हंडे भरायला सांगितले, साहेब फसला, पण ताईंनी स्वतःची चूक कबूल केली, केवढं मोठं मन! लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी उठले. पंधरा वर्षांपूर्वी जिथे उभी होते, जवळजवळ तिथेच. "ती चूक त्यांची नव्हती," मी म्हणाले. "हंडे भरायला मी सांगितलं होतं. मी तेव्हा गप्प राहिले."

मला वाटलं, आता तो जुना आगडोंब माझ्यावर. पुढच्या ओळीत रशीदाबी बसली होती, केस पार पिकलेले. ती हात हलवून म्हणाली, "बैठो बाई, बैठो. सबको मालूम है."

"काय मालूम?"

"अरे, मेरे दरवाजे पे रांगोळी! गिरजाला रांगोळी येत होती कवा? कागज घेऊन फिरली ना घरोघर. ठिपके, आन् खाली तुमचं अक्षर. आम्ही काय वळखत नव्हतो?"

मी खाली बसले. भिंतीपलीकडचा कुकर ओळखणारी मी! चाळीस घरांत माझ्या हातचा कागद फिरला होता आणि मला एवढ्या वर्षांत ते सुचलं नव्हतं. मग रशीदाबीने बाकीचं सांगितलं. त्या सभेनंतर गिरजाताई घरोघर गेल्या होत्या. म्हणाल्या होत्या, बाईंची नोकरी पालिकेची, नाव बाहेर गेलं तर त्यांना त्रास. आणि तुम्हाला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका. शरमल्या तर उद्या अर्ज लिहायला बसायच्या नाहीत, मग आपलं कोण लिहील? "वो बुढ्ढी ने गाली दी ना गिरजाला," रशीदाबी म्हणाली, "तिला बी मालूम होतं." अख्ख्या गल्लीने माझी लाज सांभाळली होती, त्यात ज्यांना मी अंगठे उठवायला शिकवत होते त्या बायकाही आल्या. मी तिथे सगळ्यांदेखत रडले. रडताना बरं वाटत होतं, हेही लिहून टाकते.

गेल्या आठवड्यात मी कालव्याकडच्या वस्तीत गेले. आमच्याकडे भांडी घासायला येणारी मंदा तिथे राहते. तिला न सांगता, मागल्या बाजूने, सकाळी दहाला. मोरी कसली, चार फरश्या आणि एक पत्रा. वाकून हात लावला. फरशी खडखडीत कोरडी होती, हाताला नुसती धूळ आली. मंदा धावत बाहेर आली, ओशाळली आणि आतून घासलेल्या पितळी पेल्यातून काठोकाठ पाणी घेऊन आली. आजूबाजूची अकरा घरं पाहिली. घरी येऊन अर्ज लिहायला बसले. नोकरी अजून महापालिकेच्याच शाळेत आहे, निवृत्तीला बरीच वर्षं आहेत. लिहून झाल्यावर सवयीने खाली मोठी जागा सोडली. मग त्या जागेत सगळ्यात वर माझं नाव लिहिलं आणि सही केली.

काल मंदाला सांगत होते की पाहणीला कोणी येईल तेव्हा हंडे जसे असतील तसेच असू देत, कुठून भरून आणू नका. तिला ते मुळीच पटलं नाही. हातातलं भांडं खाली ठेवून ती म्हणाली, "असं कसं बाई? साहेब घरी येनार, आन् त्याला पाणी बी नाय द्यायचं?"

"द्यायचं ना," मी म्हणाले. "अर्धा पेला दे. आणि हात धरून मोरीशी घेऊन जा."